छाट

विश्वासू यादी रिकामी करून स्कॅनर पुन्हा सोडला.
रात्री साडेअकराला त्यानं पुढ्यात टाकल्या
सदतीस फाइली. सगळ्यांपुढं एकच शब्द,
लाल: संशयित.
खाली एक बटण: सगळ्या पुसून टाका.

रापेल्ली शेठची साइट. टॉवेल, चादरी,
अक्कलकोट रोडला चोवीस माग.
दुपारपासून जो कुणी मोराची चादर बघायला जातो
तो थेट रमीच्या अड्ड्यावर पोचतो.
शेठ फोनवर म्हणाले, "पुसून टाक की, बघत काय बसलीस?"

बघतच बसले.

मला विडी कारखान्याची खिडकी आठवते.
अम्मा हजार विड्या घेऊन रांगेत, मी तिचं सूप धरून.
आत चेकर. त्याचं नाव कधी कळलं नाही,
हात तेवढा ठाऊक होता.
तो हात कट्ट्यांत शिरायचा, मूठ भरून बाहेर यायचा: छाट.
न बघता. कधी चाळीस, कधी सत्तर.
छाट मोडून टाकतात म्हणे. मोडताना कुणी पाहिलं नाही.
अम्मा घरी येऊन परत पान भिजवायची
आणि तेलुगूत जे बोलायची
ते मराठीत आणायला मला अजून जमलेलं नाही.

म्हणून फाइल उघडते. एकेक.
ही संपर्काच्या फॉर्मची, जुनी, गबाळी, निर्दोष.
ही कुणी घाईत लिहिलेली, दोरा तसाच लोंबतोय.
ह्या अकरा नुसत्याच दचकवणाऱ्या:
गाठोडं बांधल्यासारखी अक्षरं, ओळ संपता संपत नाही,
आणि गाठ सोडली की आत दिवाळीचा सेल.

आणि ही.
मोराच्या फोटोंच्या फोल्डरमध्ये, फोटोसारख्याच नावाची.
फोटो नाही.
तारीख मागच्या महिन्याची, रात्री तीन वाजून सात.
हिला मी ओळखते.
मागच्या वेळी हीच आली होती लाल होऊन,
आणि मीच, वरवर बघून,
"असेल बिचारी कुठल्या तरी प्लगिनची," म्हणत
विश्वासू यादीत हिचं नाव घातलं होतं.

पंखा फिरतोय, वारा नाही.
दिवसभराचे त्रेचाळीस अंश भिंती आता परत देतायत.
तो न बघता काढायचा,
मी न बघता सोडली.
फरक काय, ते शेठच्या गिऱ्हाइकाला विचारा.

अम्मा आत जागीच. हल्ली विड्या वळत नाही,
बोटं मात्र झोपेतही वळतात.
विचारलं, "तुला कळायचं का, खरंच खराब कुठली ते?"
"कळायचं की. असायच्या माझ्याच चार-पाच.
पोकळ. तुझी शाळा सुटायच्या वेळी घाईत वळलेल्या.
त्या त्याला कधीच सापडल्या नाहीत."

आधी सगळ्याची एक प्रत काढून ठेवली.
मग तिला पुसलं नाही, वेगळ्या खोलीत कोंडलं, हातपाय बांधून;
कुठून आली ते तिच्याकडूनच कळायचं आहे.
बाकीच्यांच्या मूळ प्रती मागवल्या,
एकीवर एक ठेवून ओळ न् ओळ
उजेडाला धरली, घडी खात्यात चादर धरतात तशी.
चौदाव्या फाइलीत एक ओळ जास्तीची निघाली.
बाविसाव्यात नुसता स्वल्पविराम.
एकोणतिसावीत दोन ओळी, तळाशी, लाजल्यासारख्या.
पासवर्ड बदलले. शेठचा पासवर्ड शेठचंच नाव होतं.

पहाटे पाच. विडी घरकुलात नळाला पाणी आलं,
घागरींचा आवाज सुरू झाला.
चौतीस जणींना सोडताना प्रत्येकीपुढं कारण लिहिलं,
कुणी मागितलं नव्हतं.
शेठला कळवलं: साइट चालू. एक चूक माझी होती,
बिलातून वजा केली आहे.
दार कुठलं उघडं राहिलं होतं, ते अजून सापडलेलं नाही.

आतून अम्मानं विचारलं, "छाट किती?"
"तीन."
ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, "पोकळ बघितल्यास का?"